थोरलीला पिल्लू झालं

आमच्या आईचं आणि त्या टेकडीचं भांडण एकतीस वर्षं चाललं होतं. रोज सकाळी चहा झाला की आई मागच्या अंगणात जायची, कमरेवर हात ठेवायची आणि समोरच्या वाळूच्या टेकडीला मनसोक्त शिव्या घालायची. शिव्याही साध्याच, घरातल्या. कैदाशीण, कोडगी, निलाजरी. पंधरा-वीस मिनिटं असं झालं की हात झटकून आत यायची आणि भाजी चिरायला बसायची. चेहरा अगदी शांत. मी आतल्या खोलीत बूट चढवत सगळं ऐकत असायची आणि मनात म्हणायची, झालं बाई आजचं.

टेकडीला सगळी गल्ली थोरली म्हणायची. मोजणी कार्यालयात तिला क्रमांक होता, पण तो कागदापुरता. चार मजली इमारतीएवढी उंच, आणि आकार चंद्रकोरीचा, दोन्ही टोकं आमच्या गल्लीकडे वळलेली. त्या टोकांना आमच्या धंद्यात शिंगं म्हणतात. थोरली चालायची. वारा तिच्या पाठीवरची वाळू उचलून माथ्यावर न्यायचा, तिथून ती पुढच्या उतरणीवर घसरायची, आणि असं कणाकणाने ते अख्खं धूड पुढे सरकायचं, वर्षाला दहा-अकरा मीटर. ती किती सरकली हे मोजणं ही माझी नोकरी. पुढे ओळीने खांब रोवायचे, दर महिन्याला फीत धरायची, आकडा लिहून साहेबांना द्यायचा.

माझ्याआधी ही नोकरी बाबांची होती. वाळूत बुडालेला एक खांब शोधायला त्यांनी उतरणीच्या पायथ्याशी खड्डा खणला आणि वरची उतरण बसली. मी तेव्हा सोळा वर्षांची. लोक तीन दिवस खणत होते. जेवढं काढावं तेवढं वरून येऊन भरायचं. चौथ्या दिवशी बाबा सापडले. थोरलीने त्यांना नेलं, असं आई म्हणायची. उतरण बसली, असं मी म्हणायची. या दोन वाक्यांवरून आम्हा मायलेकींचे किती दिवस वाया गेले असतील, त्याची गणती नाही.

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी आश्चर्य नको. कार्यालयात मला समोर फीतबाई म्हणतात आणि मागे फणकारा म्हणतात, मला सगळं कळतं. लग्न केलं नाही. वेळ मिळाला नाही असं सांगते. खरं म्हणजे कुणी धड विचारलंच नाही. मी आणि आई, दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, गल्लीतलं शेवटचं घर. मागे अंगणाची एक बुटकी भिंत, मग मोकळं माळरान, मग थोरली.

त्या घरात राहायचं म्हणजे अर्धं जागं आणि अर्धं झोपेत राहायचं. खिडक्यांना ओली फडकी लावली तरी बारीक वाळू आत यायची. साखरेच्या डब्यात वाळू, उशीच्या अभ्र्यात वाळू, घड्याळाच्या काचेच्या आतसुद्धा वाळू, ती कुठून गेली देव जाणे. कोरड्या दिवसांत दुपारी थोरली गुणगुणायची. माथ्यावरची वाळू एकदम घसरली की खोल, जाडसर आवाज यायचा, जमिनीतून तळपायात चढायचा. कपाटातल्या कपबश्या हलकेच किणकिणायच्या. बाहेरचा उजेड पिवळा, आतला उजेड पिवळा. आई खुर्चीत डोळे मिटून ऐकत बसायची, मी तिच्या पायाशी जमिनीवर आडवी व्हायची, आणि किती वाजले, कोणता वार आहे, आपण किती वर्षांच्या आहोत, काही म्हणजे काही लक्षात राहायचं नाही. त्या दुपारी मला फार आवडायच्या. आईला हे मी कधी बोलून दाखवलं नाही.

"गातेय बघ," आई म्हणायची. "आणि तू म्हणतेस तिला जीव नाही."

"वाळूवर वाळू घासते, आई."

"तुझ्या गळ्यातही काहीतरी काहीतरीवर घासतंच की."

मी कूस बदलली.

एकदा आमचे साहेब घरी आले होते. साहेब म्हणजे ताडमाड उंच, वाळकेसे, सारखा चष्मा पुसणारे, भला माणूस. आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि लगेच हत्यार काढलं.

"साहेब, तुम्ही शिकलेले आहात. मला सांगा, जिवंत कशाला म्हणायचं?"

साहेब खुलले. त्यांना कुणी असं विचारत नाही. "खातं, वाढतं, हलतं," ते बोटांवर मोजत म्हणाले, "दुखापत झाली तर भरून काढतं, पिल्लं घालतं..."

"मग थोरली वाळू खाते. वाढते. चालते, तुमची माणसं पगार घेऊन तिच्यामागे फीत धरून पळतात. खड्डा खणला की भरून काढते, ते तर मी या डोळ्यांनी पाहिलंय." इथे तिने मागच्या दाराकडे पाहिलं. "आणखी काय हवं?"

"आई, आगही खाते, पसरते," साहेब म्हणाले. तेही तिला आईच म्हणायचे. "पण असं बघा. शेळीचा चारा बंद केला तर शेळी ओरडते, दावं तोडते, काहीतरी धडपड करते. तिला जगायचं असतं. वारा बंद झाला तर थोरली काय करते? नुसती थांबते. तिला भूक लागत नाही. सहा महिन्यांनी वारा आला की पुन्हा निघते. मधल्या काळात तिचं काही बिघडत नाही."

"बी नाही का वर्षानुवर्षं पडून राहत?"

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. "बीच्या आत थोडं थोडं चालू असतं हो. अगदी बारीक श्वास असतो."

"हिच्या आत नाही कशावरून? कान लावून पाहिलात?"

साहेबांनी चहा संपवला. जाताना दारात मला हळूच म्हणाले, "तुमच्या आईंना माझ्या खुर्चीत बसवायला हवं." मी मात्र आत येऊन आईवर ओरडले. वाळू आहे ती, वाळू, किती दिवस हा पोरखेळ चालवणार, असं बरंच काही. आई एवढंच म्हणाली, "एक माणूस नेलंय तिने आपल्याकडचं. आता आपल्या दारात यायला तिला तोंड आहे का? लांबूनच वळून जाईल. कुठेतरी लाज असेलच ना तिला." मला तो नुसता हट्ट वाटला.

तसंही थोरली आमच्या दारात यायला अजून वीस वर्षं होती. माझाच हिशेब, माझ्याच सहीचा कागद गल्लीच्या तोंडाशी लावलेला. लोक त्या कागदावर विसंबून घराला रंग देत होते.

मग एका सकाळी आई भांडता भांडता थबकली. मला हाक मारली. "तिचं उजवं शिंग बघ. जड झालंय. थोरली पोटुशी आहे गं."

मी हसले. तोंडातला चहा बाहेर येईस्तोवर हसले. खरं तर यात हसण्यासारखं काही नव्हतं. टेकड्यांच्या शिंगांच्या टोकातून कधी कधी वाळूचा लहान ढीग सुटतो आणि आपला आपण चालू लागतो, हे आमच्या खात्यात सगळ्यांना माहीत आहे. आम्ही त्याला पिल्लूच म्हणतो. बहुतेक पिल्लं विरून जातात. पण जे टिकतं ते भराभर चालतं, कारण लहान ढीग मोठ्या टेकडीपेक्षा कितीतरी पट वेगाने सरकतो. थोरली दहा मीटर जाईल तेवढ्यात पिल्लू शंभर मीटर.

पंधरा दिवसांनी पिल्लू सुटलं. आता इथे मला ती गोष्ट सांगायची आहे जी मी कुणालाच सांगितली नव्हती.

आमच्या कार्यालयाचा एक नियम आहे. कमरेच्या खाली असेल तो ढीग, कमरेच्या वर असेल ती टेकडी. ढिगाला खांब नाही, फीत नाही, कागद नाही. टेकडी म्हटलं की दहा खांब रोवावे लागतात आणि महिन्याच्या महिन्याला मोजावं लागतं. कमर कुणाची, हे नियमात लिहिलेलं नाही. साहेब ताडमाड, मी बुटकी. मी त्या पिल्लापाशी उभी राहिले तेव्हा ते माझ्या कमरेच्या वर चार बोटं होतं. ऊन मी म्हणत होतं. खांब गाडीतून उतरवायचे, दहा खड्डे खणायचे, एकटीने. मी म्हटलं, साहेबांच्या कमरेला तर हे पोचत नाही. आणि कागदावर लिहिलं, किरकोळ ढीग. घरी येऊन पाय पसरून झोपले.

म्हणजे मी आळस केला. दुसरा शब्द नाही.

वाऱ्याचे दोन मोसम गेले. मी थोरलीच्या समोरचे खांब इमानेइतबारे मोजत राहिले आणि उजवीकडे पाहिलंच नाही. खरं सांगायचं तर पाहायचं टाळलं. मग एके दिवशी शिंपीकाका, आमचे शेजारी, दारात आले. त्यांच्या कपडे वाळत घालायच्या दोरीचा खांब वाळूत गेला होता. मी मागे जाऊन पाहिलं. ते पिल्लू आता दोन पुरुष उंच होतं, थोरलीसारखंच चंद्रकोरीचं, तशीच पण छोटी शिंगं, आणि आमच्या भिंतीपासून तीस पावलांवर.

वेळेवर कळलं असतं तर काटक्यांची कुंपणं घालून त्याला वाटेतच अडवता आलं असतं. तेच तर आमचं काम. आता काही होणार नव्हतं. साहेब आले, बघून गेले, माझा जुना कागद त्यांनी वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. गल्लीतली शेवटची चार घरं महिन्याभरात रिकामी करा, असा हुकूम निघाला. शिंपीकाकांनी शिलाईचं यंत्र चादरीत गुंडाळलं, कापायचं टेबल गाडीवर चढवलं. "वाळू गेली की सुई अडते," ते म्हणाले, "नाहीतर मी राहिलो असतो बघ." त्यांना मला वाईट वाटू द्यायचं नव्हतं, आणि त्यामुळेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि आमची आई हलायला तयार होईना.

"तिने पाठवलंय," आई म्हणाली. पिल्लाचं नाव तिने केव्हाच धाकटी ठेवलं होतं. "स्वतः यायला लाज वाटते म्हणून लेकीला पाठवलंय. चौकशी करायला."

"आई, ती घर गाडणार आहे."

"भिंतीशी येऊन थांबेल. बघशील तू."

मी सगळं करून पाहिलं. समजावलं, आदळआपट केली, दोन दिवस बोलले नाही, पाया पडले. साहेबांना आणलं. ते आईशेजारी बसून म्हणाले, आई, तिला कळत नाही हो. आई म्हणाली, तुम्हाला काय माहीत. मी हात टेकले. तिला उचलून न्यायचं म्हटलं तर नेता आलं असतं, सुकून काडी झाली होती. पण तसं नेलं असतं तर तिने नव्या घरात आठवडाभरही काढला नसता. खोटं नाही सांगत. तिला तिच्या पायांनी बाहेर पडायला हवं होतं, आणि तेही भिंत पडायच्या आत.

दिवस विचित्र झाले. गल्ली रिकामी, दारं सताड उघडी, लोकांच्या खोल्यांतून वाळू चालत होती. धाकटी आली तसा आमच्या घरातला उजेड बदलला. मागची खिडकी आधी खालून पिवळी झाली, मग अर्धी, मग नुसती वर एक फट राहिली. त्या फटीतून येणाऱ्या उजेडात आई बसायची आणि मी तिच्या पायाशी. भिंतीपलीकडे सतत सळसळ. आम्ही जेवायचो, भांडायचो, झोपी जायचो, आणि उठलो की आपण उठलो आहोत की नाही याची खात्री वाटायची नाही. एकदा मला वाटलं, बाबा स्वयंपाकघरात पाणी पीत उभे आहेत. मी हाक मारणार होते. आई म्हणाली, "त्यांना पिऊ दे." ती खुर्चीत डोळे मिटूनच होती.

एका रविवारी मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. मी गाडीवाल्याला बोलावलं. भांडी, गाद्या, कपाट, सगळं चढवलं. दुपारचे तीन वाजले असतील. घरात एक खुर्ची आणि खुर्चीत आई.

"आता पुरे," मी म्हटलं. "ऊठ."

आई उठली. मला वाटलं, सुटलो. पण ती दाराकडे न जाता मागे वळली. "मी तिच्याशी एकदा समोरासमोर बोलते. दहा मिनिटं. मग तू म्हणशील तसं."

खिडकीच्या बाजूला वाळू घराला टेकली होती, दारासमोरचं अंगण तेवढं उरलं होतं, आणि अंगणाची बुटकी भिंत आता दिसतच नव्हती. तिच्यावरून धाकटीची उतरण अंगणात आली होती आणि वरून वाळूच्या जिभा हळूहळू घसरत होत्या. वारा फार नव्हता. माथ्यावरून सोनेरी धूर निघावा तशी वाळू उडत होती आणि सूर्य त्यामागे मऊ झाला होता. आई उतरणीच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली. मी पायरीवर बसले. जवळ जायला हवं होतं, पण मला भीती वाटत होती, आणि त्या आवाजाने अंगाला जडपणा आला होता.

आई भांडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या वाळूशी हळू आवाजात बोलली.

"तू लहान आहेस," ती म्हणाली. "तुझा काय दोष? तू जन्मलीही नव्हतीस तेव्हा. पण घरी गेलीस की तुझ्या आईला विचार. म्हणावं, तो माणूस तुझ्यात बुडालेला खांब शोधत होता. तुझं वाईट करायला आला नव्हता. तीस वर्षं तुझ्यामागे मोजत फिरला, तुला एवढी ओळख नव्हती का त्याची? एवढं विचार फक्त. मला दुसरं काही नको."

आणि ती थांबली. उत्तराची वाट बघत थांबली. असं तोंडाकडे बघत, मान जरा कलती करून, जशी ती माझ्याकडे बघायची मी शाळेतून उशिरा आले की.

एक जीभ घसरली आणि तिच्या चपलांवर आली. मग दुसरी. घोट्यापर्यंत वाळू आली. आई हलली नाही. "ऐकतेस ना?" ती म्हणाली. तिसरी जीभ आली. माझा जीव टांगणीला लागला होता, पण मी दहा मिनिटं कबूल केली होती.

मग आईने खाली पाहिलं. तिच्या पायाशेजारी मुंग्यांचं वारूळ होतं, जमिनीत एक भोक आणि भोवती मातीचं कडं. वाळू त्या कड्याला टेकली होती आणि आतून मुंग्या भराभर बाहेर पडत होत्या, प्रत्येकीच्या तोंडात एक पांढरं अंडं. नुसती पळापळ. वाळू एका बाजूने आली की त्या दुसऱ्या बाजूने वळायच्या. एक मुंगी वाळूखाली गेली, वर आली, अंडं सोडलं नाही, पुन्हा गेली, पुन्हा वर आली. आई वाकून बघत राहिली. मला वाटतं बराच वेळ. मग वरून आणखी वाळू आली आणि मुंग्या, भोक, आईचे पाय पिंढऱ्यांपर्यंत, सगळं एकाच सुरात झाकून पुढे गेली. मुंग्यांवर जशी आली तशीच आईवर आली. रागाने नाही, लाजून नाही, चुकवून नाही.

"अगं," आई म्हणाली, आणि तिचा आवाज इतका लहान झाला होता की मी उठून धावलेच. "हिला माझी ओळख नाही गं. हिला मुंगीचीही ओळख नाही."

"नाही, आई." मी गुडघे टेकून हातांनी तिचे पाय मोकळे करू लागले.

"त्या एवढ्याशा मुंगीला काय धरून ठेवायचं ते कळतं. मरायचं नाहीये तिला. आणि ही... हिला काही हवंही नाही, नकोही नाही."

"हो."

"थोरलीलाही?"

मी खणत राहिले. जेवढं काढत होते तेवढं येत होतं. "थोरलीलाही, आई."

"मग त्यांना कुणी नेलं?"

एकतीस वर्षं मी हे वाक्य तोंडावर फेकत आले होते, चिडून, जिंकायच्या इराद्याने. आज ते माझ्या तोंडातून निघेना. "कुणी नाही," मी म्हटलं. "उतरण बसली."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

तिने माझ्या डोक्यावर हात टेकला, तोल सावरायला. मी एक पाय काढला, मग दुसरा. चप्पल आतच राहिली. तिला धरून पायरीशी आणलं आणि आम्ही दोघी खाली बसलो. आई धाकटीकडे बघत नव्हती. ती आपल्या हातांकडे बघत होती.

"आता मी राग कुणावर धरू?" तिने विचारलं. अगदी खरंच विचारलं, पत्ता विचारावा तसं.

मला आता राहवेना. "माझ्यावर धर," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. ऊन, खांब, साहेबांची कमर, चार बोटं. घर मी घालवलं, आई, शिंपीकाकांचंही मी घालवलं. सांगता सांगता मला रडू फुटलं. मी पन्नाशीला आलेली बाई, आणि नाक ओढत रडत होते.

आईने सगळं ऐकून घेतलं. माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि असं पाहिलं की मी सोळा वर्षांची झाले.

"घराचा राग तुझ्यावर धरेन," ती म्हणाली. "तो तुला सोडणार नाही. नव्या घरी चल, मग दाखवते. चार बोटं म्हणे." मग तिची बोटं माझ्या हनुवटीवर सैल झाली. "पण त्यांचा? त्यांचा कुणावर धरू?"

मी तिच्या पायांवरची वाळू झटकू लागले.

मागे भिंतीतून माती गळत होती. आई समोर बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू उतरत होतं. ओठ हलले. मग तिने माझा हात घट्ट धरला, इतका घट्ट की दुखलं.

"ते गेले गं," ती म्हणाली. "पोरी, तुझे बाबा गेले."

आणि ती रडू लागली. त्या चौथ्या दिवशी, बाबा सापडले तेव्हा, आई रडली नव्हती. उठून थोरलीकडे गेली होती भांडायला. आज ती रडत होती मोठमोठ्याने, जगाची पर्वा न करता, आत्ताच कुणी निरोप आणल्यासारखी. मी तिला कुशीत घेतलं. बाहेरून गाडीवाल्याने दोनदा भोंगा वाजवला. मी ओरडून त्याला म्हटलं, थांब, आमच्याकडे माणूस गेलंय.